सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्राबद्दल, एका शुभंकराचा सविस्तर अभिप्राय

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि मी त्याची शुभंकर, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणारी नातेवाईक. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात आजार सुरू झाला, त्याला आता बराच काळ लोटला. मोठ्या मनोरुग्णालयातल्या भरत्या, खाजगी डॉक्टरांच्या खोल्यांबाहेरचं बसणं, मधली नुसती घरात काढलेली वर्षं हे सगळं झाल्यावर आम्ही एका सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्राशी जोडले गेलो. हा अभिप्राय त्या केंद्राबद्दल आहे. नाव देत नाही. तिथे येणारी माणसं ओळखू येऊ नयेत हे एक कारण. दुसरं असं की ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या कुठल्याही अशा केंद्रात थोड्याफार फरकाने सापडतील, मग एकालाच का बोल लावायचा?

माझा व्यवसाय लेखापरीक्षणाचा. छोट्यामोठ्या संस्थांचे हिशेब तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे केंद्रात बसले असताना मला समुपदेशनाच्या खोलीइतकीच उत्सुकता त्यांच्या जमाखर्चाच्या फायलींची होती, आणि लिहिण्याचा बराचसा भाग त्यावरच असणार आहे.

आधी मत सांगून टाकते. घरात दीर्घ मानसिक आजार असेल आणि जवळ असं केंद्र असेल तर नक्की जा. सेवा मनापासून दिलेली आणि शास्त्राला धरून आहे. पण ती पुढच्या वर्षी याच रूपात मिळेल असं मी कुणालाही सांगू शकत नाही, आणि केंद्र चालवणारेही सांगू शकत नाहीत.

सेवेबद्दल. इथे प्रत्येक शुभार्थीला, म्हणजे आजारी माणसाला, एक ठरलेली कार्यकर्ती असते. आमच्या वाट्याला जी आली तिला भाऊ ताई म्हणायचा, वयाने ती त्याच्यापेक्षा लहान असूनही. सुरुवातीला तो दारच उघडत नव्हता. ती बाहेर पायरीवर बसायची. आत जुन्या रेडिओंचा आणि सुट्या भागांचा ढीग आहे हे तिने माझ्याकडून काढून घेतलं होतं. बंद दाराशी ती विचारायची, व्हॉल्व्हचा रेडिओ लावल्यावर आवाज यायला वेळ का लागतो? उत्तर यायचं नाही. थोडा वेळ बसून, पुन्हा कधी येणार ते सांगून ती जायची, आणि सांगितलेल्या दिवशी हमखास यायची. अशा कित्येक भेटी गेल्या. एके दिवशी आतून आवाज आला, "तंतू तापावा लागतो." त्यानंतर काही आठवड्यांनी दार उघडलं.

मोठ्या रुग्णालयात हे शक्य नव्हतं. तिथले डॉक्टर चांगलेच होते. त्यांनी जीव तोडून उपचार केले आणि दोनदा भावाला मोठ्या संकटातून बाहेर काढलं. पण घरी सोडल्यावर औषध बंद पडायचं, बाहेर जाणं बंद व्हायचं, आणि काही महिन्यांत पुन्हा भरती. भरती आणि भरतीच्या मधल्या काळात त्याच्या आयुष्याची जबाबदारी घेणारं घराबाहेरचं कुणीच नव्हतं.

औषधांची बाजू केंद्राने उत्तम सांभाळली. भावाला शेवटी क्लोझापिन लागू पडलं. दुसऱ्या औषधांनी गुण येत नाही तेव्हा हे देतात. क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी यामुळे धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि पुढे अंतराने रक्त तपासावं लागतं. केंद्रातली परिचारिका तिथेच रक्त घेते, तपासायला पाठवते, अहवाल आला की फोन करते. वजन, कंबरेचा घेर, साखर यांची नोंद ठेवते. बद्धकोष्ठतेबद्दल तर दर भेटीत विचारते, कारण या औषधावर असताना ती जिवावर बेतू शकते. ही माहिती इतकी वर्षं हिंडूनही आम्हाला आधी कुणी दिली नव्हती.

कामाचा विभागही आहे. आधी प्रशिक्षण, मग सराव, मग कधीतरी नोकरी असं न करता आवडीचं, खऱ्या पगाराचं काम लवकर शोधायचं आणि कामाला लागल्यावर पाठीशी राहायचं अशी त्यांची पद्धत. ही पद्धत 1990 च्या दशकात अमेरिकेत आखली गेली आणि नंतर अनेक देशांतल्या चाचण्यांत ती जुन्या पद्धतींपेक्षा सरस ठरली. भाऊ आता ध्वनिवर्धक दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे दिवसातले काही तास काम करतो. त्या मालकाशी केंद्रातला माणूस अधूनमधून बोलतो. भावाला कानात आवाज येतात त्या दिवशी काय करायचं हे तिघांनी मिळून ठरवलेलं आहे. बहीण म्हणून माझ्यासाठी या केंद्राची सगळ्यात मोठी देणगी ही.

शुभंकरांची मासिक सभा चांगली असते, पण तिच्याबद्दल फार लिहीत नाही. ज्याने त्याने जाऊन बसावं.

आता उणिवा. पहिल्या भेटीसाठी फार थांबावं लागतं. नाव नोंदवल्यापासून बोलावणं येईपर्यंत आमच्या घरातली परिस्थिती पार बदलून गेली होती. रात्री फोन घेणारं कुणी नाही. पूर्वी एक रात्रीची फोनसेवा होती, ती ज्या अनुदानावर चालायची ते संपलं आणि सेवा बंद झाली. भिंतीवर त्या सेवेचा फलक मात्र बरेच महिने तसाच होता. मानसिक आजारात रात्र सगळ्यात वाईट असते. तिथेच खंड पडावा याचं मला वाईट वाटतं, आणि तो फलक वेळेवर न काढणं ही केंद्राची स्वतःची चूक आहे, तिला निधीचं कारण चालणार नाही.

पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते ताईचं जाणं. तिची नेमणूक एका प्रकल्पावर होती. प्रकल्प आर्थिक वर्षासोबत संपला. पुढचं अनुदान मंजूर झालं होतं, हप्ता आला नव्हता. काही महिने बिनपगारी थांबा असं कुठल्या तोंडाने सांगणार? तिने दुसरी नोकरी धरली आणि तिचं काहीही चुकलं नाही. नवीन कार्यकर्ती येईपर्यंत भावाने रक्त द्यायला जाणं सोडलं. रक्ताचा अहवाल नाही म्हणून औषध थांबलं. आणि क्लोझापिन मधे खंड पडला की पूर्वीच्या मात्रेवर लगेच परतता येत नाही, पुन्हा अगदी कमी मात्रेपासून चढत जावं लागतं. त्या काळात आमच्या घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. एक हप्ता उशिरा आला, एवढंच त्याचं मूळ.

मग मी हिशेब मागितले. केंद्राने आढेवेढे घेतले नाहीत. तीन वर्षांची जमाखर्च पत्रकं, अनुदानांचे करार, विनियोग प्रमाणपत्रं (अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) सगळं समोर ठेवलं. हे मी केंद्राच्या बाजूने ठळकपणे नोंदवते. अनेक संस्थांत हे सहज होत नाही, याचा मला व्यवसायाने अनुभव आहे.

रकमांची बेरीज पाहिली तर केंद्र अगदीच कंगाल नव्हतं. अडचण रकमेला बांधलेल्या अटींत होती. जवळजवळ प्रत्येक रुपया कुठल्यातरी शीर्षाखाली, म्हणजे ठरवून दिलेल्या खर्चाच्या सदराखाली, अडकलेला. एका अनुदानातून जनजागृतीचे कार्यक्रम करता येतात, पण पगार देता येत नाही. दुसऱ्यातून पगार देता येतो, पण फक्त नव्या पदांचा. तिसऱ्यातून गाडी मिळाली, चालक आणि इंधन त्यात धरलेलं नाही. त्यामुळे घरभेटींसाठी घेतलेली गाडी बहुतेक वेळ उभी दिसते आणि कार्यकर्त्या स्वतःच्या खर्चाने फिरतात. आस्थापना खर्चावर, म्हणजे कार्यालय चालवायच्या खर्चावर, मर्यादा घातलेली, त्यामुळे हिशेब लिहायला माणूस नाही. मग हिशेब उशिरा जातो, विनियोग प्रमाणपत्र उशिरा जातं, आणि म्हणून पुढचा हप्ता उशिरा येतो. आणि वर्षअखेरीस अखर्चित रक्कम परत करावी लागते. एका शीर्षाखालचे पैसे परत गेले त्याच महिन्यात दुसऱ्या शीर्षाखालचा पगार थकला होता. दोन्ही नोंदी मी एकाच पत्रकात पाहिल्या. कागदोपत्री सगळं चोख. एकही आक्षेप काढता येणार नाही, असा तो हिशेब होता.

आणखी एक गोष्ट. एका अनुदानाची रक्कम भेटींच्या संख्येवर ठरते. भेट म्हणजे शुभार्थी समोर बसून झालेलं संभाषण. दार बंद असताना पायरीवर घालवलेला वेळ मोजला जात नाही. मालकाशी झालेलं बोलणं मोजलं जात नाही. मला केलेले फोन मोजले जात नाहीत. ठरल्या वेळी न आलेल्या माणसाला शोधत जाणं तर नाहीच. म्हणजे जो शुभार्थी जास्त आजारी, त्याच्यावर वेळ घालवला की केंद्राचं उत्पन्न घटतं, आणि जो नियमित येऊन छान बोलतो त्याच्यामुळे वाढतं. कार्यकर्त्या तरीही पायरीवर बसतात. पण अशा नियमाखाली एखादं केंद्र हळूहळू सोप्या आजारांकडे सरकलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. नियम करणाऱ्यांनी हे ओळखायला हवं होतं.

घरी आल्यावर मी वाचत गेले, आणि हे दुखणं किती जुनं आणि किती दूरवर पसरलेलं आहे ते कळलं. जागतिक आरोग्य संघटना देशोदेशींच्या मानसिक आरोग्य सेवांची आकडेवारी वेळोवेळी प्रसिद्ध करते. सरकारं आपल्या आरोग्य खर्चातला साधारण 2 टक्के भाग मानसिक आरोग्याला देतात आणि 2017 पासून त्यात हालचाल नाही. 2020 च्या आकडेवारीनुसार मध्यम उत्पन्नाच्या देशांत या तुटपुंज्या रकमेतलेही सुमारे 70 टक्के मनोरुग्णालयांकडे जात होते. लोकवस्तीतल्या सेवांना त्यानंतर जे उरेल ते.

अमेरिकेची गोष्ट तर लेखापरीक्षकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. तिथे 1955 मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. 31 ऑक्टोबर 1963 ला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. देशभर 1,500 केंद्रं उभी करायची योजना होती, प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपासच झाली. सुरुवातीला पैसा इमारतींना मिळाला. पगारासाठीचं अनुदान नंतर आलं आणि तेही दरवर्षी घटत जाणारं, म्हणजे काही वर्षांत केंद्रांनी स्वतःचं उत्पन्न उभं करावं ही अपेक्षा. 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात नवा कायदा होऊन या केंद्रांना आधार मिळणार असं दिसलं, तर 1981 मध्ये रीगन सरकारने त्यातला बहुतेक भाग रद्द करून राज्यांना एकगठ्ठा आणि कमी रकमेचं अनुदान द्यायला सुरुवात केली. रुग्णालयं मात्र तोवर रिकामी होत गेली होती. माणसं बाहेर आली आणि त्यांच्यावर होणारा खर्च त्यांच्यामागोमाग बाहेर आला नाही.

इटलीत त्रिएस्ते शहरात वेगळं घडलं. मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बाझालिया 1971 मध्ये तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, तेव्हा आत सुमारे 1,200 माणसं होती. रुग्णालय बंद करताना तिथला कर्मचारीवर्ग आणि त्यांचा पैसा वस्त्यांतल्या केंद्रांकडे वळवण्यात आला. ही केंद्रं चोवीस तास उघडी, प्रत्येकात मोजक्या खाटा. 1978 मध्ये इटलीने कायदा क्रमांक 180 करून मनोरुग्णालयं बंद करायचं ठरवलं त्यामागे त्रिएस्तेचा अनुभव होता. संक्रमणाच्या काळात काही वर्षं जुनं आणि नवं दोन्ही चालवावं लागतं, खर्च तात्पुरता वाढतो, आणि तो भाग कुणीतरी आधीच अंदाजपत्रकात धरावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो धरलाच जात नाही.

स्वस्त उपायांबद्दल हल्ली पुष्कळ बोललं जातं. झिंबाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये सुरू केलेला उपक्रम प्रसिद्ध आहे. दवाखान्याबाहेरच्या बाकावर प्रशिक्षित आजीबाई बसतात, माणसाचं ऐकून घेतात आणि त्याच्यासोबत अडचणी सोडवायचे मार्ग शोधतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा चांगला परिणाम दिसला. मला या कामाबद्दल फार आदर आहे. पण ते नैराश्य आणि चिंता यांसारख्या आजारांसाठी आखलेलं आहे, आणि त्या आजीबाईंनाही प्रशिक्षण, देखरेख आणि गंभीर रुग्ण पुढे पाठवायची सोय लागते. माझ्या भावाच्या रक्ततपासणीचं काम बाकावर होणार नाही. एखादा निधी देणारा त्या बाकाकडे बोट दाखवून परिचारिकेचं पद कमी करू लागला की मला राग येतो.

गुंतवणुकीचा मुद्दाही नेहमी निघतो. नैराश्य आणि चिंता यांच्या उपचारांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे 4 डॉलर परत येतात असा अंदाज 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात मांडला गेला. असेल. पण ते चार डॉलर कुणाच्या खात्यात जमा होतात ते बघा. भाऊ कामाला लागला, फायदा त्याचा आणि मालकाचा. भरत्या थांबल्या, बचत रुग्णालयाची. मी पुन्हा पूर्णवेळ काम करू लागले, लाभ माझ्या घराचा. ज्या केंद्रामुळे हे झालं त्याच्या ताळेबंदात यातली एक दमडीही दिसत नाही. उलट केंद्राला दर करारात विचारलं जातं, तीन वर्षांनी तुम्ही स्वतःच्या पायावर कसे उभे राहणार? ज्यांच्या हाती सगळ्यात कमी उत्पन्न, त्यांच्याकडून शुल्क घेऊन? आजार तीन वर्षांत संपत नाही हे निधी देणाऱ्याला माहीत असतं. मग करार तीन वर्षांचा का?

केंद्राच्या एका धोरणाशी माझा जाहीर मतभेद आहे, तोही लिहिते. बरे झालेले काही शुभार्थी इथे नव्यांना मदत करतात. जे डॉक्टर सांगू शकत नाहीत ते हे लोक सांगतात, आणि भाऊ त्यांचंच जास्त ऐकतो. त्यांना मानधन मिळत नाही, स्वयंसेवक म्हणून प्रमाणपत्र मिळतं. पैसे नसले की मानधनाच्या यादीतून सगळ्यात आधी हीच माणसं वगळली जातात, कारण ते तक्रार करत नाहीत. हे बदललं पाहिजे. मी सभेत बोलले आहे, पुन्हा बोलेन. आर्थिक मदत करू इच्छिणाऱ्यांनाही माझी विनंती आहे की नवं उपकरण किंवा कार्यक्रम न देता, रक्कम लहान असली तरी अनेक वर्षं चालणारी आणि कुठल्याही शीर्षाला न बांधलेली द्या. पगार थकतो त्या महिन्यात कामी येतो तो असाच पैसा.

नव्याने जाणार असाल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा की तुमच्या कार्यकर्तीचा करार कधीपर्यंत आहे, ती गेली तर मधल्या काळात रक्त, औषध आणि घरभेट कोण पाहणार, आणि रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा. उत्तरं लेखी घ्या. प्रश्नाचा कुणाला राग येत नाही, उलट आमच्या केंद्राने माझ्या विचारण्यानंतर बदलीच्या कार्यकर्तीचं नाव फायलीवर आधीच लिहायला सुरुवात केली. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि रुग्णालयातून सोडतानाचे कागद सोबत न्या, नाहीतर तेच प्रश्न पुन्हा होतात. आणि आजारी माणूस यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे जा. नातेवाइकालाही वेळ देतात, घरभेटीचं बोलणं तिथूनच सुरू होतं.